साहेब शेवटी बोलले

मीटिंग सुरू होऊन बराच वेळ झाला होता, तरी साहेब एक अक्षर बोलले नव्हते. मागच्या खुर्चीत बसून मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेत होते.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. नाशिकला मी वरिष्ठ सरकारी अधिकाऱ्यांना कोचिंग द्यायचे. कोचिंग म्हटलं की लोकांना दहावीचे क्लास आठवतात. माझं काम वेगळं. अधिकाऱ्यासोबत बसायचं, त्याची कामाची पद्धत बघायची आणि त्याला आरसा दाखवायचा. हे साहेब जिल्ह्याचे प्रमुख, हुशार, स्वच्छ हाताचे. पण मीटिंगमध्ये पहिलं वाक्य त्यांचं आणि त्यानंतर नुसतं "येस सर". मी एवढंच सांगितलं होतं, "सर, तुम्ही शेवटी बोला."

आणि ते खरंच गप्प बसले होते.

विषय पाण्याच्या टँकरचा. जिथे नव्या विहिरी झाल्यात, तिथले टँकर बंद करायचे का? मालेगावचे अधिकारी म्हणाले, करावेत. देवळ्याचे म्हणाले, करावेत. शेवटी पेठचे गावित उठले. त्यांच्या तालुक्यात डोंगरातल्या एका पाड्यावर अशी विहीर झाली होती. टेबलाकडे बघत ते म्हणाले, "विहीर झालीय सर. टँकर बंद करायला हरकत नाही."

साहेबांनी सही केली. केबिनकडे जाताना मला म्हणाले, "बघितलंत मॅडम? मी तोंड उघडलं नाही, तरी सगळ्यांचं मत माझ्यासारखंच निघालं."

मला मात्र गावितांचं टेबलाकडे बघत बोलणं खटकलं होतं. गावित खाली जिन्याजवळ चहा पीत उभे होते. त्यांना गाठून विचारलं, "त्या विहिरीला पाणी आहे?"

"कुठलं पाणी? कधीच आटली ती."

"मग बोलला का नाहीत?"

"काल पीएला फोन केला व्हता. साहेबांच्या मनात काय हाय, विचारलं. सगळ्यांनीच विचारलं. ते म्हणले, टँकर कमी करायचेत." त्यांनी कप खाली ठेवला. "यंदा माझं प्रमोशन हाय मॅडम. सीआर साहेबांच्या हातात."

सीआर म्हणजे गोपनीय अहवाल. हाताखालचा माणूस कसा आहे, हे साहेब दरवर्षी त्यात लिहितात. बढती त्यावर अडते.

"वर चला, आत्ताच सांगा," मी म्हटलं.

"माझं नाव घेऊ नका," म्हणून ते जीपकडे निघून गेले.

मी एकटीच वर गेले. ती विहीर कोरडी असावी, एकदा माणूस पाठवून बघा, म्हणून सांगितलं. साहेब हसले. "तालुक्याचा माणूस समोर उभा राहून सांगून गेला. ऐकायला तर तुम्हीच शिकवलंत ना?"

टँकर बंद झाला.

मे महिन्यात गावितांचा फोन आला. पाड्यावरची एक बाई दरीतल्या झऱ्यावरून हंडा घेऊन चढत होती. पाय घसरला. "गेली मॅडम," एवढंच म्हणाले. मला त्यांचा राग आला होता, पण रागावण्याइतकंही बळ उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी टँकर पोचला. चौकशी झाली. निर्णय कोणाचा, असं विचारल्यावर सगळ्यांचा, असं उत्तर मिळालं. आणि सगळ्यांचा म्हटल्यावर कोणाचाच नाही. पूर्वी साहेब आधी बोलायचे तेव्हा निदान चूक त्यांची एकट्याची असायची. माझ्या कोचिंगमुळे तेवढीही सोय राहिली नाही.

गावितांना प्रमोशन मिळालं. साहेबांनी शेजारच्या जिल्ह्यात माझी शिफारस केली. पोटापाण्याचं काम होतं, गेले. मीटिंगमध्ये कोण शेवटी बोलतं याने काही फरक पडत नाही. सीआर कोण लिहिणार, ते सगळ्यांना आधीच माहीत असतं. नव्या साहेबांनाही मी तेच सांगितलं, तुम्ही शेवटी बोला. दुसरं मला काही येतच नव्हतं.

मीटिंगच्या आदल्या दिवशी त्यांच्या केबिनबाहेर बसले होते. पीएचा फोन सारखा वाजत होता.