पयलं काय?

आमच्या सरकारी हायस्कूलचे हेडमास्तर कशालाच नाही म्हणत नाहीत. शाळेच्या समितीत कोणी गेट मागतं, कोणी गणिताचा मास्तर, ते मान डोलावतात, "हे तर पयलंच करू." मी मुलींच्या संडासाला दार मागितलं, तेव्हाही हेच. बाजारात भावाला नाही म्हणणाऱ्या व्यापाऱ्याला मी वाकवतो. या माणसाला कुठून धरू?

संडासला जावं लागू नये म्हणून माझी दहावीतली पोर शाळेत पाणीच पीत नाही. काल चक्कर येऊन पडली. आज मी तरातरा गेलो, ऑफिसचं दार ढकलायला हात पुढं केला. दारच नव्हतं.

"पोरींकडं लावलं," ते म्हणाले. "बसा जी. आता पयलं काय करू?"

गणिताचा मास्तर, म्हणणार होतो. पण दारासारखा मास्तर काही त्या खोलीतून काढून देता येणार नव्हता.