मार्था परत का आली

हेमा जोगळेकर शनिवार पेठेतल्या एका शाळेत इतिहास शिकवायच्या. नवऱ्याला, श्यामसुंदरना, अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि घरबसल्या अमेरिकन लोकांची घराणी शोधून द्यायचं काम धरलं. सकाळी उठायचं, श्यामसुंदरना कुशीवर वळवायचं, त्यांना चहा पाजायचा आणि कॉम्प्युटरसमोर बसायचं. स्वतःच्या पणजीचं माहेर ठाऊक नाही आणि परक्यांच्या पणज्या शोधते, याचं सुरुवातीला त्यांना हसू यायचं. पुढे पुढे नुसती पाठ दुखायची.

गेल्या वर्षी ओहायोतल्या एलिनॉर नावाच्या आजीबाईंनी आपल्या घराण्यातल्या मार्थाचा शोध त्यांच्यावर सोपवला. अडीचशे वर्षांपूर्वी ही मार्था नवऱ्याबरोबर केंटकीच्या जंगलात नवी वस्ती करायला गेली होती. नवरा मारला गेला, तरी तिनं एकटीनं जमीन राखली आणि तिथंच देह ठेवला, असं घरात सांगत. एलिनॉरबाईंना नातवंडांना घेऊन तिच्या कबरीवर जायचं होतं.

हेमाताईंनी केंटकी पालथं घातलं. कबर कुठंच नव्हती. शेवटी कंटाळून त्यांनी मार्थाच्या माहेरचं आडनाव धरलं आणि मागं पेनसिल्व्हेनियात शोधलं. तिथं ती सापडली. म्हातारी झालेली, जमिनीच्या एका तंट्यात कोर्टात साक्ष देणारी. जमीन का सोडलीस, असं वकिलानं विचारलं होतं.

"भिऊन नाही सोडली. दोन लेकरं तिथं पुरली. उरलेली दोन घेऊन चालत माहेरी आले. दमले होते."

आतून श्यामसुंदरांनी हाक मारली. "आले," म्हणाल्या, पण बराच वेळ हेमाताई उठल्याच नाहीत.

रात्री त्यांनी ती साक्ष ओहायोला पाठवून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी एलिनॉरबाईंचा फोन आला.

"म्हणजे ती पळून आली?"

"पळून नाही. चालत."

"हे वगळता नाही का येणार?"

"येईल की. मग कबरही खोटी बांधावी लागेल."

पलीकडून फोन ठेवला गेला. हेमाताईंनी आपला खाली ठेवला नाही. वाघोलीला राहणाऱ्या धाकट्या दिराला, अभयला, त्यांनी तसाच फोन लावला.

"भावजी, यांना थोडे दिवस तुमच्याकडे न्या."

"का हो वहिनी? बरं नाही का तुम्हाला?"

"बरी आहे. दमले आहे."

इतक्या वर्षांत हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. अभय रविवारी गाडी घेऊन आले. श्यामसुंदर गाडीत बसेनात. त्यांनी बऱ्या हातानं हेमाताईंचा पदर धरून ठेवला होता. हेमाताईंनी एकेक बोट सोडवलं, आणि गाडी वळणापलीकडे गेल्यावर जिन्यातच बसून रडल्या.

मग दोन दिवस त्या नुसत्या झोपल्या. तिसऱ्या दिवशी वाघोलीला फोन करून "जेवले का?" म्हणून विचारलं.

"जेवले. आमटी अळणी आहे म्हणतात," अभय म्हणाले. "तुम्ही झोपा."

एलिनॉरबाई महिनाभर गप्प होत्या. मग त्यांनी एवढंच कळवलं, की साक्ष आहे तशी ठेवा, आणि पेनसिल्व्हेनियात कबर आहे का बघा. कबर होती, एका लहानशा चर्चच्या मागं. नाव अर्धं पुसलेलं.

तोवर श्यामसुंदर घरी परतले होते. थोडे वाळलेले, बरेच रागावलेले. पुढच्या महिन्यात पुन्हा नेतो, असं अभय जाताना म्हणाले. हेमाताईंनी नको म्हटलं नाही.