वाटी-चमच्यानं खाल्लेलं मॉकटेल

आमच्या व्याह्यांना मी माझ्या हातचं मॉकटेल एकदाच दिलं, आणि ते त्यांनी वाटी-चमच्यानं खाल्लं.

मॉकटेल म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांची मला कीव येते. (मलाही ते आदल्या आठवड्यातच कळलं होतं, पण तो मुद्दा वेगळा.) फळांचा रस, नावापुरता गोडवा आणि वर बुडबुडे. इतकी साधी गोष्ट! पण आपल्याकडं पाहुण्याला सरबत द्यायचं म्हणजे पातेल्यात साखर ओतत राहायची, आणि ती विरघळेनाशी झाली की समजायचं, जमलं! माझ्या लेकीच्या, मुक्ताच्या साखरपुड्यात असलंच सरबत होतं. होणाऱ्या व्याह्यांना मधुमेह आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. (सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं.) मी आग्रह करकरून त्यांना तीन पेले पाजले, आणि दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात होते.

लग्न महिन्यावर आलं तेव्हा विहीणबाईंचा मुक्ताला फोन आला. "शनिवारी वेरूळचं दर्शन करून येताना चारच्या सुमारास तुमच्याकडं टेकू. पण तुझ्या बाबांना हात जोडून सांग, या खेपेला गोड नको."

मुक्ता माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "बाबा, मी त्यांना सांगून बसलेय, बाबा स्वतः बिनसाखरेचं सरबत करणार म्हणून. आता पुन्हा काही झालं ना, तर मला तिथं जन्मभर ऐकून घ्यावं लागेल."

"अगं, तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलंय मी!"

"म्हणून तर भीती वाटायलीय," माझी बायको सुलभा स्वयंपाकघरातून म्हणाली. सुलभाशी मी शास्त्रावर वाद घालत नाही.

गोडाच्या बाबतीत आमच्या कॉलनीत एकूणच घोर अज्ञान आहे. सकाळी फिरायला येणारे निम्मे लोक छाती पुढं काढून सांगतात, "साखर बंद! आता फक्त गुळाचा चहा!" जसा काही गूळ म्हणजे तुळशीचा काढाच! अशा एका गृहस्थांना मी भर रस्त्यात थांबवून विचारलं होतं, "काय हो, साखरेचा ऊस वेगळा आणि गुळाचा वेगळा असतो का?" तेव्हापासून ते मला बघितलं की रस्ता बदलतात. बदलू देत. अज्ञानी माणसानं दुरूनच गेलेलं बरं.

शनिवारी सकाळी शहागंजच्या मंडईतून दीड किलो कैऱ्या आणल्या. उकडल्या, गर काढला, त्यात पुदिना, आलं, काळं मीठ आणि अख्ख्या पातेल्याला मिळून दोन चमचे मध घातला. आता राहिले बुडबुडे.

"सोड्याच्या बाटल्या आणून ठेवा की," सुलभा म्हणाली. "पाहुणे आले की गरात ओतायच्या, झालं."

विकतचा सोडा! आंबट पदार्थात खायचा सोडा पडला की कर्बवायू तयार होतो, हे मी ज्या हातानं पिढ्यान् पिढ्या फळ्यावर लिहिलं, त्याच हातानं दुकानात जाऊन बाटली मागायची? मी डब्यातला खायचा सोडा काढला आणि चार चमचे गरात टाकला. पुढची दोन मिनिटं मला नीट आठवत नाहीत. हिरवट फेस पातेल्यातून ओट्यावर, ओट्यावरून माझ्या पायजम्यावर आणि तिथून मोरीकडं निघाला. सुलभानं मुक्ताला घेतलं आणि ती शिंप्याकडं निघून गेली. मी उरलेला गर मोठ्या पातेल्यात ओतला, आणखी चार चमचे सोडा टाकला, आणि वायू पळून जाऊ नये म्हणून झाकणावर खलबत्ता ठेवला. शास्त्राला कुठंतरी वजन लागतंच.

मग मी बर्फ आणायला गेलो. बर्फवाला लादी प्लास्टिकच्या पिशवीत घालायला लागला, तेव्हा मला राहवलं नाही. उष्णता कशी वाहते आणि बर्फ बारदानातच का गुंडाळावा, हे मी त्याला उन्हात उभं राहून सविस्तर समजावलं. तो लक्ष देऊन ऐकत होता. बोलणं संपलं तेव्हा माझ्या पिशवीत पाणी होतं. दुसरी लादी घेऊन घरी पोचायला पावणेचार वाजले.

दारातच वास आला. गुळाचा!

घरात एकटी आक्का होती. आक्का माझी थोरली बहीण. फर्दापूरजवळच्या आमच्या गावाहून लग्नाच्या तयारीसाठी आली होती. ती गॅसपाशी उभी राहून माझ्या पातेल्यात डाव फिरवत होती.

"आक्का! हे काय करायलीस?"

"आरं बाळ्या, मी व्हते म्हणून बरं! तुजा रस पार आंबला व्हता. बिनइस्तवाचा खदखदत व्हता! खलबत्त्यासकट झाकण हालत व्हतं!"

"अगं, ते बुडबुडे मी मुद्दाम आणले होते!"

"मुद्दाम? आपल्याकडं रस मुद्दाम आंबवत्यात त्येची दारू व्हती! सोयऱ्याला दारू पाजतो व्हय रं?"

"मग फेकून द्यायचं होतंस!"

"फेकून? दीड किलो कैऱ्या?" आक्कानं असं बघितलं, जणू मी तिलाच फेकून द्यायला निघालो होतो. "चाखून बघितलं, कसलीच चव नाय. मग सव्वा किलो गूळ घातला, इलायची घातली, आटवलं. लई झ्याक गुळांबा झालाय बघ!"

आणि बेल वाजली.

मी काही बोलायच्या आत पाहुणे बसले, मागोमाग सुलभा आणि मुक्ता आल्या, आणि आक्का ट्रे घेऊन हजर! मी हौसेनं मांडून ठेवलेल्या उंच पेल्यांत तिनं गुळांबा भरला होता. वर पुदिन्याचं पान, आत स्ट्रॉ. व्याह्यांनी स्ट्रॉ तोंडात धरली आणि ओढली. त्यांचे गाल आत गेले, डोळे बाहेर आले, पण पेल्यात काही हललं नाही. आक्का कनवाळू. तिनं लगेच वाट्या-चमचे आणले.

विहीणबाईंनी मला विचारलं, "साखर नाही ना हो यात?"

मुक्ता माझ्याकडं मोठ्या आशेनं बघत होती. आणि मी, रस्त्यात लोकांना अडवून ऊस शिकवणारा मी, ठणठणीत आवाजात म्हणालो, "छे! साखरेचा कणसुद्धा नाही!"

व्याह्यांनी पहिली वाटी संपवली. आक्कानं दुसरी भरली. तीही संपत आली. ते डोळे मिटून खात होते, आणि मला दवाखान्यातला तो पलंग दिसत होता. आक्का म्हणाली, "घ्या की अजून! माज्या हातचं हाय." त्यांनी वाटी पुढं केली आणि माझा धीर सुटला. मी उठलो आणि त्यांच्या हातातली वाटी हिसकावून घेतली!

चमचा व्याह्यांच्या तोंडात, वाटी माझ्या हातात. व्याह्याच्या हातातलं अन्न काढून घेणारा वधूपिता आमच्या सात पिढ्यांत झाला नसेल. मुक्तानं तोंडावर पदर धरला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"त्यात सव्वा किलो गूळ आहे," मी म्हणालो. "आणि गूळ म्हणजे साखरच. मी खोटं बोललो."

विहीणबाईंनी पर्समधून साखर मोजायचं यंत्र काढलं, आमच्या सोफ्यावरच नवऱ्याच्या बोटाला सुई टोचली, आकडा बघितला आणि दाराकडं बोट केलं. "चालायला लागा. तुम्हीसुद्धा, सर."

वैशाखातल्या त्या उन्हात आम्ही दोघं व्याही कॉलनीला फेऱ्या मारत होतो. चौथ्या फेरीला त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "सर, उरलाय का थोडा?"

"म्हणजे? तुम्हाला कळलं होतं?"

"पहिल्याच चमच्याला! पण साखरपुड्यानंतर आजच गोड मिळालं होतं हो. गप्प बसलो. तुम्ही वाटी ओढली नसती, तर आज पुन्हा सलाईनच होतं."

त्यांचा आकडा उतरला. त्या रात्री विहीणबाईंनी मुक्ताला फोन करून सांगितलं, "आग्रहानं आजारी पाडणारे लई बघितले गं. वाटी काढून घेणारा तुझा बापच पहिला." मुक्ताला हसावं की रडावं कळेना. मला मात्र वाटलं, चला, आब राहिला.

लग्नात पंगत बसली, तेव्हा व्याह्यांनी आपल्या गणगोताला मोठ्यानं माझी ओळख करून दिली. "हे आमचे व्याही, रसायनशास्त्राचे सर. माणूस सोन्यासारखा! फक्त हे जवळ आले, की वाटी दोन्ही हातांनी धरायची!"

मी श्रीखंडाचं पातेलं घेऊन वाढायला निघालो. अख्ख्या पंगतीनं वाट्या धरल्या.