पिंपात बुडवलेलं मुंगूस
गंजलेल्या लोखंडावर पाणी पडून सुटणारा वास आला की मला बिद्रीजवळचं सासर आठवतं. लग्नाला चार महिने झाले होते. एका मुंगसानं कोंबडीची सगळी पिल्लं खाल्ली, म्हणून सासूबाईंनी गोठ्यामागं पिंजरा लावला आणि सकाळी ते आत सापडलं. लहानपणी मुंगूस दिसलं की आम्ही त्याला तोंड दाखवायची गळ घालायचो. तोंड दिसणं शुभ म्हणून. हे तर गजांतून एकटक बघत होतं आणि पोटाखालची आचळं दुधानं फुगली होती. मी सासूबाईंना म्हणाले, "आत्या, ह्याची पिल्लं असतील. लांब उसात सोडूया की." "आनि माझ्या कोंबडीला जीव न्हाय व्हय?" म्हणत त्यांनी पिंजरा पाण्याच्या पिंपात सोडला. तो तिरका अडकला. "दाब की गं," त्या ओरडल्या. बुडबुडे थांबेपर्यंत मीच दाबून धरला. दुपारी माझे वडील आले. "पावणं आल्यात," म्हणत सासूबाईंनी तीच कोंबडी कापायला दिली. "तसं बी आता पिल्लं न्हाईत तिला." सकाळी सासूबाईंच्या लेखी जीव असलेल्या त्या कोंबडीचा रस्सा मी दोनदा वाढून घेतला, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.