लाडक्याच्या चाकूची मूठ

लाडक्या ठाण्यात रंगकाम करताना परांचीवरून पडला आणि जागीच गेला. मुकादमाने त्याचं सामान गावी, साखरशेतला घरी पोचवलं: दोन शर्ट, मोबाइलचा चार्जर आणि खिशातला घडीचा चाकू. पडताना चाकूच्या मुठीची एक लाल प्लास्टिकची पट्टी फुटली होती, दुसरीला तडा गेला होता.

त्याची बायको चंदा रडली नाही. आज ना उद्या रडेल, असं बायका म्हणत राहिल्या. कार्य उरकल्यावर ती आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात पुन्हा कामाला जाऊ लागली. एकदा तिने शीत बघायला उकळत्या पातेल्यात बोटं घातली. चटका बसल्याचं तिला फोड आल्यावर कळलं.

सासू पोशी म्हणाली, "तो चाकू नदीत टाकून ये. मेल्या माणसाचा घरात नको."

"पातं चांगलं आहे, आय," चंदा म्हणाली आणि भांडी घासायला बसली.

चंदाचा बाप सुतारकाम करायचा. लहानपणी करवतीचं दुसरं टोक तीच धरायची. सुट्टीच्या दिवशी ती माहेरी जाऊन त्याची हत्यारं आणि शिसवीचा एक तुकडा घेऊन आली.

ओट्यावर बसून तिने खिळ्याने जुनी रिवेटं ठोकून काढली. पातं जिच्यावर फिरतं ती खीळ तेवढी जागच्या जागी ठेवली. तडकलेली पट्टी लाकडावर ठेवून पेन्सिलीने कड आखली, दोन्ही पट्ट्या कापल्या, गिरमिटाने भोकं पाडली. एक भोक केसभर सरकलं आणि पट्टी चिरली. तिला राग आला नाही, वाईटही वाटलं नाही. तिने दुसरी कापली. पट्ट्या चाकूला लावून भोकांतून पितळी तार ओवली आणि तारेची दोन्ही तोंडं हातोडीने हळूहळू चेपली. मग कानस मारत बसली. मूठ हातात धरायची, पुन्हा घासायची. शेवटी मोहाच्या बियांचं तेल चोळलं, तशी शिसव काळीभोर झाली.

पोशी इतका वेळ दारातून बघत होती. तिने चाकू हातात घेतला, उघडला, मिटला.

"लाडक्याचा पंजा मोठा होता," ती म्हणाली. "ही मूठ बारीक झाली."

"माझ्या हाताच्या मापाने केली."

"म्हणजे आता त्याचा नाय ऱ्हायला."

"नाही, आय."

पोशीने चाकू खाली ठेवला आणि एकदम हंबरडा फोडला. शेजारची पारू धावत आली. चंदा उठली आणि सासूच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. हाताखाली म्हातारीची हाडं हलत होती. अशा वेळी पाठीवर हात ठेवायचा असतो, एवढं तिला माहीत होतं; म्हातारी थकून गप्प होईपर्यंत तिने तो काढला नाही.