चष्मा लावून सावकाश वाचा

मी काय काम करते ते आईला अजून नीट सांगता येत नाही. शेजारच्या काकूंना ती सांगते, ‘आमची पेपरात आहे.’ पेपरात मी नाही. ज्यांना पेपरात यायचं असतं त्यांच्यासाठी मी लिहिते. कॉलेज रोडला आमचं पाच-सहा जणांचं पीआरचं ऑफिस आहे. आधी बिल्डर, क्लासवाले, दातांचे दवाखाने असायचे, आणि गेल्या काही वर्षांत ॲपवाले आले. या ॲपवाल्यांनी माझं डोकं खाल्लंय. पुण्याला कंटाळलेला कुणीतरी गंगापूर रोडला फ्लॅट घेतो, जवळच एक गाळा घेऊन काचा लावतो आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला बोलावतो. नाशिक आता आयटी हब होणार, एआय खेड्यापाड्यात पोचणार, हे मी गोड मराठीत लिहून द्यायचं. दर वर्षी नाशिक आयटी हब होतं आणि दर वर्षी ते मीच लिहिते.

असाच एकजण एका सहकारी बँकेसाठी मोबाइल बँकिंगचं ॲप बनवत होता. बँकेचे खातेदार बहुतेक साठीच्या पुढचे, कुणी सिन्नरकडचे, कुणी नाशिक रोडचे पेन्शनर. ॲप सुरू झालं की त्यांना बँकेकडून एक मेसेज जायचा होता, आणि तो लिहायचं काम माझ्याकडे आलं. मीटिंगमध्ये ॲपवाला तासभर ‘युजर जर्नी’ आणि ‘ट्रस्ट लेयर’ असं काहीबाही बोलला. माझे बॉस माना डोलावत होते. मी वहीत लिहिलं, म्हाताऱ्यांना भीती वाटू नये.

म्हाताऱ्यांना काय वाटेल हे कळायला माझ्या घरीच एक म्हातारा होता. पप्पा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कंट्रोल रूमला होते. शिफ्ट संपताना लॉगबुकात जे लिहायचं ते पुढच्या शिफ्टच्या माणसाला एका वाचनात कळलं पाहिजे, नाहीतर काय होईल याचा नेम नाही, ही त्यांची आयुष्यभराची सवय. त्यामुळे साध्या माणसासाठी काहीही लिहिलं की मी ते आधी त्यांना दाखवायची. ते पेन घेऊन बसायचे. ‘सत्यापन काय, खात्री लिही ना. बँकेत कोण सत्यापन करायला जातं?’ आईला याची गंमत वाटायची. ‘पगार हिचा आणि नोकरी तुमची,’ म्हणायची.

हा मेसेजही मी त्यांना दाखवला. मी लिहिलं होतं, ‘त्वरित आपली माहिती अद्ययावत करा.’ पप्पांनी ते वाक्य सरळ खोडलं. म्हणाले, ‘घाई करायला लावतो तो चोर असतो, हे तुम्हीच आम्हाला सांगता आणि वर तुम्हीच त्वरित म्हणता.’ मग त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, ‘घाई नाही. चष्मा लावून सावकाश वाचा. समजलं नाही तर घरच्यांना विचारा.’ मला हसू आलं, पण वाक्य झकास होतं. ॲपवाल्यालाही आवडलं. ‘सो ह्यूमन,’ म्हणाला. पप्पांना मी हे सांगितलं तर दोन दिवस त्यांचे पाय जमिनीवर नव्हते.

त्यांचं खातंही त्याच बँकेत होतं. मीच उघडायला लावलं होतं, आपल्या क्लायंटची बँक म्हणून. रिटायर होताना मिळालेल्या पैशांची एफडी त्यांनी नुकतीच मोडून खात्यात आणून ठेवली होती, कारण पुढच्या महिन्यात आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. आई दोन वर्षं कठड्याला धरून, एकेका पायरीवर थांबत खालीवर करत होती. ऑपरेशनची तारीख तिने कॅलेंडरवर पेन्सिलीने गोल करून ठेवली होती.

ॲपचं उद्घाटन एका हॉटेलात झालं. सकाळी निघताना मी पप्पांना म्हटलं, ‘आज आहे बरं का कार्यक्रम.’ मेसेज मात्र त्या दिवशी जायचा नव्हता, आठवड्यानंतर जायचा होता, आणि हे मी त्यांना सांगितलं नाही. डोक्यातच आलं नाही. दुपारी पत्रकार जेवायला बसले होते तेव्हा पप्पांचे लागोपाठ दोन फोन आले. मी दोन्ही कापले आणि मोबाइलमधलं तयार उत्तर पाठवलं, मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलते. समोर ॲपवाला माइकवर सांगत होता की या ॲपमध्ये फसवणूक शक्यच नाही. ते वाक्यही मीच लिहून दिलं होतं.

घरी आले तर पप्पा खुशीत होते. म्हणाले, ‘आला गं आपला मेसेज. तेच विचारायला फोन केला होता. मी केलंसुद्धा सगळं.’ मेसेज तर अजून आठवड्याने जायचा होता. मी त्यांचा मोबाइल हातात घेतला. नंबर अनोळखी, खाली एक लिंक, आणि वर शब्दन् शब्द आमचा मेसेज. ‘घाई नाही. चष्मा लावून सावकाश वाचा.’ पप्पांनी खरंच चष्मा लावला होता, खरंच सावकाश वाचलं होतं. समजलं नाही तर घरच्यांना विचारा, म्हणून मला फोन केला होता. मी उचलला नाही, तेव्हा त्यांनी मनाशी म्हटलं, हे तर माझंच वाक्य आहे, याच्यात काय विचारायचं. लिंक उघडली, विचारलेली सगळी माहिती भरली, आलेला ओटीपी टाकला. खात्यात शंभर-दीडशे रुपये उरले होते.

हेल्पलाइनला फोन केला. बँकेला केला. पैसे चार खात्यांतून फिरून पसार झाले होते. आई सोफ्यावर बसून होती. थोड्या वेळाने उठली आणि कुकर लावला. मला तिचा राग आला, खरं सांगते. रडली असती, शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पण माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. बँकेकडून हा मेसेज अजून कुणालाच गेला नव्हता. तो होता फक्त आमच्या ऑफिसात, ॲपवाल्याकडे आणि मेसेज पाठवायचं कंत्राट घेतलेल्या एका कंपनीकडे. म्हणजे तो आतून फुटला होता. खातेदारांचे मोबाइल नंबरही त्याच्यासोबत गेले असणार. एवढं सिद्ध झालं तर बँकेला हात वर करता येणार नव्हते, पैसे परत द्यावे लागले असते. रात्रभर मी स्वतःला हेच समजावलं.

सकाळी बॉसच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं. बॉस तसे वाईट नाहीत. पाणी दिलं, दार लावलं. मग म्हणाले, ‘ड्राफ्ट ऑफिसच्या बाहेर कुणी कुणी पाहिला?’ मी म्हटलं, पप्पांनी. ते म्हणाले, ‘तू गोपनीयतेच्या कागदावर सही केली आहेस. कंत्राटदाराकडून फुटला हे सिद्ध करायला दोन वर्षं लागतील. तू घरी नेलास हे सिद्ध करायला दोन मिनिटं.’ मग त्यांनी हळू आवाजात सांगितलं की ॲपवाला घाबरलाय, आणखी काही खातेदारांच्या तक्रारी आल्यात, आणि संध्याकाळपर्यंत प्रेस नोट हवी आहे. त्यात ‘तांत्रिक त्रुटी नाही’ आणि ‘ग्राहकांनी स्वतःहून माहिती दिल्याने’ एवढं आलं पाहिजे.

ती मी लिहिली. लोक म्हणतील, नोकरी सोडायची होतीस. घराचा हप्ता माझ्या पगारातून जातो. पप्पांची सगळी पुंजी आदल्या दिवशी गेली होती, आता घरात येणारा पैसा म्हणजे माझा पगार आणि त्यांची पेन्शन, आणि ती पेन्शन किती असते ते पेन्शनरांना विचारा. वीस मिनिटांत लिहून झाली. इतकी सफाईदार प्रेस नोट मी बऱ्याच दिवसांत लिहिली नव्हती, आणि याचीच मला सगळ्यात जास्त किळस आली.

दोन दिवसांनी सायबर पोलीस ठाण्यात जबाब द्यायला बोलावलं. मी पप्पांना रिक्षातून नेलं. द्वारका चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा मी त्यांना सगळं सांगून टाकलं. मेसेज आतून कसा फुटला ते, बॉस काय म्हणाले ते, प्रेस नोटचंही. शेवटी म्हटलं, ‘पप्पा, तुम्ही खरं सांगा. तो ड्राफ्ट मी आधीच दाखवला होता, त्यातलं वाक्य तुमचं होतं, सगळं सांगा. माझं काय व्हायचं ते होईल.’ असं म्हटलं खरं. पण म्हणताना मी बाहेर बघत होते, आणि त्यांनी नाही म्हणावं असं मला आतून वाटत होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

ठाण्यापाशी उतरल्यावर पप्पांनी रिक्षावाल्याला मीटरप्रमाणे पैसे दिले, सुटे मोजून घेतले.

जबाब घेणारा अधिकारी तरुण होता, बोलायला चांगला होता. ‘बाबा’ म्हणत होता. सगळी हकीकत टाइप करून झाल्यावर त्याने विचारलं, ‘बाबा, तुम्ही शिकलेले, एवढी जबाबदारीची नोकरी केलेली. अनोळखी नंबर दिसत होता. तरी मेसेज खरा का वाटला तुम्हाला? काही खास कारण?’

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोलू शकले असते. एक वाक्य पुरे होतं, आणि वाक्यं जुळवणं हाच माझा धंदा आहे. मी पर्समध्ये त्यांच्या आधार कार्डाची झेरॉक्स शोधत बसले. ती टेबलावर समोरच ठेवलेली होती.

‘वय झालं, साहेब,’ पप्पा म्हणाले. ‘आता वाचलेलं समजत नाही मला. नीट न बघताच दाबलं असेल मी.’

अधिकाऱ्याने ते तसंच टाइप केलं. पप्पांनी जबाब वाचायला घेतला नाही. जिथे बोट दाखवलं तिथे सही केली.

मधल्या काळात आईच्या ऑपरेशनची तारीख आली आणि गेली. पैसे परत मिळावेत म्हणून बँकेकडे अर्ज केला होता, त्याचं उत्तर त्यानंतर आलं. एकच पान होतं. अर्जदाराने पोलीस जबाबात स्वतःचा निष्काळजीपणा मान्य केला असल्याने बँकेवर कोणतीही जबाबदारी येत नाही. खाली शिक्का. मी ऑफिसातून आले तेव्हा पप्पा ते पत्र घेऊन खिडकीपाशी उभे होते. वरपासून खालपर्यंत त्यांनी ते दोनदा वाचलं. आतल्या खोलीतून आई विचारत होती, काय म्हणते बँक.

‘काही नाही,’ त्यांनी तिला सांगितलं. मग माझ्याकडे वळून अगदी हळू, मला बरं वाटावं म्हणून म्हणाले, ‘सगळं तपासलं मी. तुझं नाव कुठेही नाही.’