कापसाची मॅच

आमच्या घरात बोलायचं काम एकट्या सासऱ्यांकडे होतं. फौजेतून सुभेदार होऊन परतले, तासगावजवळ द्राक्षबाग लावली आणि पलटण म्हणून आम्हाला धरलं. ते सांगत, आम्ही ऐकत असू. सासूबाईंना काही म्हणायचं असलं तर त्या चुलीवरच्या पातेल्याशी पुटपुटत. अशा घरात माझा मुलगा साडेतीन वर्षांचा झाला तरी बोलेना, याचं नवल फक्त आम्हालाच वाटत होतं.

सल्ले फुकट असतात, त्यामुळे पुष्कळ आले. कुणी मध चाटवायला सांगितला, कुणी म्हणालं बापसुद्धा उशिराच बोलला. मी मान डोलवायची, पण आतून पार घाबरलेली असायची. अंगणवाडीत बाकीची मुलं गाणी म्हणत आणि हा माझी ओढणी खेचून माठाकडे बोट दाखवायचा. आपल्याला हा कधी आई म्हणेल की नाही, हेही मला खात्रीने सांगता येत नव्हतं.

शेवटी त्याला सांगलीला वाचा-उपचार करणाऱ्या बाईंकडे नेलं. कान तपासून झाले, ते चांगले होते. बाईंनी फुंकरीचे खेळ दिले. स्ट्रॉने पाण्यात बुडबुडे काढायचे, पिपाणी वाजवायची, टेबलावर कापसाचा बोळा फुंकत न्यायचा, मेणबत्ती विझवायची. "पण नुसत्या फुंकरीनं मूल बोलत नाही हं," त्या म्हणाल्या. "खेळता खेळता गप्पा मारा. त्याला बोलायला वेळ द्या." मी घरी येऊन सगळं सांगितलं. घराने त्यातली फुंकर तेवढी ऐकली.

मेणबत्ती सासूबाईंनी बाद केली, कारण पेटती ज्योत फुंकून विझवायची नसते. पिपाणी पहिल्याच सकाळी सासऱ्यांनी जप्त केली. बुडबुड्यांचं पाणी पोरगं पिऊन टाकायचं. राहिला कापूस. त्याचा ताबा सासऱ्यांनी घेतला, टेबलाच्या दोन टोकांना खडूने फुटबॉलसारखे गोल आखले आणि जिंकेल त्याला बेदाणा ठरवला. "छाती भर. सोड. जोर लाव रं गड्या, लय हळू झालं." पोराने चिडून कापूस हाताने ढकलला की लगेच, "रडी खेळतोस व्हय? रडी."

काही आठवड्यांत सासऱ्यांचा दम चांगलाच सुधारला. बागेचा चढ चढताना त्यांना धाप लागेनाशी झाली. नवराही फौजेतच, तो पोस्टिंगवरून फोनवर विचारायचा, "बोलला का?" मी म्हणायची, "आबांची तब्येत छान आहे."

एका दुपारी मॅच रंगली. दोघेही टेबलावर ओणवे झाले होते. कापूस पोराच्या गोलाच्या तोंडाशी अडला, तेव्हा सासऱ्यांनी तोंड आणखी पुढे नेलं, मिशीनेच तो आत सारला आणि बेदाणा तोंडात टाकला. पोरगं त्यांच्याकडे बघत राहिलं. त्याच्या वतीने बोलायची मला सवयच होती, पण त्याचे ओठ हलताना दिसले आणि मी थांबले.

"आबा लडी," तो म्हणाला.

मला रडू फुटलं. आणि त्याच क्षणी धडकीही भरली, कारण त्या घरात सासऱ्यांना असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. ते बेदाणा चावायचे थांबले.

"काय म्हणालास?"

"आबा लडी." या वेळी आणखी मोठ्याने.

सासरे आमच्याकडे वळले. आम्ही त्यांची बाजू घेणार, यात त्यांना शंका नव्हती. सासूबाई दाराशी मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून थेट सासऱ्यांकडे पाहिलं.

"आवं, पोरगं खरं बोलतंय. लग्नापास्नं बघतीया मी, तुमी रडीच खेळताय."

सासऱ्यांनी कापूस उचलून टेबलाच्या मधोमध ठेवला आणि दोन बोटांनी मिशी वर धरून ओणवे झाले.